पडणं आणि बेडसोअर: फॉर्मवरून मोजायचं की खाटेजवळ जाऊन?

शंभर खाटांच्या हॉस्पिटलात क्वालिटीचं काम नुकतंच तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर सॉफ्टवेअरच्या कोटेशनआधी एक ठरवा: किती पेशंट पडले आणि किती जणांना बेडसोअर (एकाच जागी दाब पडत राहून होणारी जखम) झाला, हा आकडा येणार कुठून? वाटा दोन. घटना घडली की सिस्टरने इन्सिडंट फॉर्म भरायचा आणि महिनाअखेर फॉर्म मोजायचे. किंवा एक दिवस धरून दोघींनी वॉर्डात फिरायचं, प्रत्येक पेशंट डोळ्यांनी बघायचा.

फॉर्मची वाट सोपी. रोज सरासरी 60 पेशंट असतील, तर 30 दिवसांचे 1800 पेशंट-दिवस झाले. त्यात 3 जण पडले, तर हजार पेशंट-दिवसांमागे दर 1.67. हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या एनएबीएचलाही पडण्याचा दर असाच हवा असतो. पडण्यासाठी ही पद्धत मला पटते. पेशंट पडला की आवाज होतो, नातेवाईक धावतात, एक्स-रे निघतो. झाकायचं म्हटलं तरी अवघड.

बेडसोअर मात्र गुपचूप होतो. रात्रपाळी म्हणते संध्याकाळपासूनच होता, सकाळची म्हणते रात्री झाला. फॉर्म कोणीच भरत नाही, कारण जी भरेल तिला मेमो. मी काम केलेल्या एका वॉर्डात रजिस्टरमध्ये महिनोन्‌महिने शून्य होतं. पोझिशन चार्टवर, म्हणजे पेशंटला कूस बदलून दिल्याच्या नोंदीवर, दर दोन तासांनी सही, सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका दमात केलेल्या. मावशींच्या मदतीने एका आजोबांना कुशीवर वळवलं, तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम आणि डावी टाच काळी पडलेली.

म्हणून बेडसोअरसाठी फेरीच. दोघींपैकी एक दुसऱ्या वॉर्डाची असू द्या. माकडहाड, टाचा, कोपरं बघा, ऑक्सिजनची नळी रुतते तो कानामागचा भागही. सावळ्या कातडीवर पहिल्या टप्प्याची लाली दिसेलच असं नाही. बोटाने दाबून, शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते बघा. ब्रेडन स्कोअर (बेडसोअरचा धोका सांगणारे गुण, जितके कमी तितका धोका जास्त) 18 किंवा कमी असलेल्यांना खरंच वळवलं जातं का, हे तिथेच कळतं. जाता जाता सलाइनची जागाही बघून घ्या. तारीख वॉर्डांना आधी सांगू नका.

फेरीची खोट अशी की सकाळ त्यातच जाते, आणि काल डिस्चार्ज झालेला पेशंट निसटतो. ॲडमिशनच्या वेळी कातडी तपासून लिहिलेली नसेल, तर जखम घरून आली की इथे झाली, हा वाद मिटत नाही. पेशंट थोडे असले की एका जखमेनेही टक्केवारी उडी मारते.

अमेरिकेत 1998 पासून चालणारा नर्सिंग गुणवत्तेचा राष्ट्रीय डेटाबेस पडण्याचे आकडे महिन्यागणिक घेतो, बेडसोअरसाठी मात्र तिमाहीतून एका दिवसाची पाहणी करतो. मीही तुम्हाला हीच वाटणी सुचवेन. एनएबीएचला नव्या बेडसोअरचा हजारी दर लागतो, तेव्हा त्याचे फॉर्म चालू ठेवा आणि फेरीने ते पडताळा. फेरीत चार सापडले आणि रजिस्टरमध्ये शून्य असेल, तर आधी मेमो बंद करून घ्या.

औषधांच्या चुकांना दोन्ही वाटा अपुऱ्या. तिथे औषधवाटपाच्या वेळी शेजारी उभं राहावं लागतं. डॅशबोर्ड नंतर घेतलात तरी चालेल, त्यात हेच फॉर्म रंगीत दिसतात.

मेमो थांबले की पहिले काही महिने आकडे वाढतील. हे मॅनेजमेंटला आधीच लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या.