रावपुऱ्यात मिळणारं बॅथीस्फिअरचं किट: घ्या, पण जुळवण्याआधी एवढं बदला

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानात बॅथीस्फिअरचं जुळवायचं मॉडेल मिळतं, किंमत १,४५० रुपये. अमेरिकी निसर्ग-अभ्यासक विल्यम बीब आणि अभियंता ओटिस बार्टन ज्या पोलादी गोळ्यात बसून बर्म्युडाजवळच्या समुद्रात उतरत आणि १५ ऑगस्ट १९३४ रोजी ३,०२८ फुटांपर्यंत पोचले, त्याची ही एकास दहा मापाची प्रतिकृती. सोबत पाच पारदर्शक फिल्म आहेत. बीबने खिडकीतून पाहिले, नावं दिली, आणि ज्यांचा एकही नमुना आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही, असे मासे त्यांवर छापलेत. असं किट निघालं याचाच आनंद आहे. मात्र पुस्तिकेत सांगितलंय तसंच जुळवलं तर शोभेची वस्तू तयार होते. थोडे बदल केले तर बीबला तिथून नेमकं किती आणि कसं दिसू शकत होतं, हे तपासता येतं.

गोळ्याचं काम चोख आहे. मूळ व्यास ४ फूट ९ इंच, इथे साडेचौदा सेंटीमीटर. दाराचे दहाही बोल्ट आहेत. खिडक्या मुळात ८ इंच रुंद आणि ३ इंच जाड फ्यूज्ड क्वार्ट्झच्या होत्या. किटमध्ये दोन सेंटीमीटरच्या अ‍ॅक्रिलिक चकत्या दिल्यात. त्या सुपरग्लूने बसवू नका. त्याची वाफ अ‍ॅक्रिलिकवर पांढरी साय धरते आणि ती पुसून जात नाही. कडेला पारदर्शक सिलिकॉन लावा आणि रात्रभर सुकू द्या. मागचा अर्धगोल चिकटवायचाच नाही, नुसता अडकवून ठेवा. बीब काचेला नाक लावून बसत असे. मोबाइलचा कॅमेरा खिडकीला भिडवायचा तर मागची बाजू उघडी हवी.

खरी चूक फिल्मच्या मापात आहे. पाचही मासे दहा-दहा सेंटीमीटरचे छापलेत. बॅथीस्फेरा इंटॅक्टा बीबच्या अंदाजाने निदान सहा फूट लांब होता, म्हणजे या प्रमाणात १८ सेंटीमीटर. फिकट शिडाचा मासा दोन फुटांचा, म्हणजे सहा सेंटीमीटर. तीन दिव्यांचा अँगलर मासा साधारण दीड सेंटीमीटर आणि लाल डोक्याचा, निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा इंद्रधनुषी ‘गार’ मासा जेमतेम एक. लेझर प्रिंटर असलेल्या दुकानातून फिल्मच्या नकला याच क्रमाने १८०, ६०, १५ आणि १० टक्क्यांवर काढा. शीट लेझरचीच मागा, साधं प्लॅस्टिक आत वितळून चिकटतं. इंटॅक्टाची जोडी सहा-आठ फुटांवरून गेली असं बीबने लिहिलंय, तेव्हा फिल्मची चौकट खिडकीपासून १८ ते २४ सेंटीमीटरवर ठेवा.

दिव्यांचं सर्किटही बदलावं लागतं. इंटॅक्टाच्या अंगावर फिकट निळ्या दिव्यांची ओळ होती आणि खाली लोंबणाऱ्या दोन दोऱ्यांच्या टोकाला लाल व निळा ठिपका. त्यासाठी तीन निळे आणि एक लाल एलईडी आहे, पण चारही तीन व्होल्टच्या एका बटन सेलवर समांतर जोडलेत. लाल एलईडीला दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला जवळपास तीन लागतात. सगळा प्रवाह लाल खातो, निळे मिणमिणतात. तीन पेन्सिल सेलचा डबा लावा. प्रत्येक निळ्याला १५० ओहमचा आणि लालला २७० ओहमचा वेगळा रेझिस्टर जोडला की चारही दहा मिलिअँपिअरच्या आसपास सारखे उजळतात.

आता किटमधला सगळ्यात मोलाचा प्रयोग, ज्याबद्दल पुस्तिकेत अवाक्षर नाही. मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल हब्ज यांनी त्या काळीच शंका काढली होती: बाहेर एखादा चमकणारा जेलीफिशसारखा जीव असावा, आणि काचेवर साचलेल्या बीबच्या श्वासाच्या धुक्यामुळे त्याचे दिवे प्रभावळीसह मोठे दिसले असावेत. बाहेर थंडगार पाणी, आत दोन माणसांचा श्वास. हवेतली ओल शोषायला गोळ्यात कॅल्शियम क्लोराइड ठेवलेलं असे, तरी काच धूसर होणं शक्य होतं. खिडकीची सुटी चकती दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा (वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात याशिवाय वाफ धरतच नाही), खोलीत पूर्ण अंधार करा, चकतीवर हलकेच श्वास सोडा आणि फोटो काढा. दिव्याभोवती कडी उमटतात आणि शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून सलग अंग असल्यासारखं भासतं. यावरून हब्ज बरोबर ठरत नाहीत. लांब जबडा आणि सुळे बीबला का दिसले, याचं उत्तर धुक्यात मिळत नाही. पण आक्षेप पोकळ नव्हता हे डोळ्यांना पटतं.

म्हणूनच पुस्तिकेत या पाचही माशांना सरळ ‘शोधलेल्या प्रजाती’ म्हटलंय ते खटकतं. बीब टेलिफोनवर वर्णन करी, वर जहाजावर त्याची सहकारी ग्लोरिया हॉलिस्टर टिपून घेई, आणि चित्रकार एल्स बोस्टेलमन यांनी स्वतः मासा न पाहता त्या वर्णनांवरून चित्रं काढली. फिल्मवर छापलंय ते हेच. पुढच्या छपाईत ‘पाहिल्याची नोंद, नमुना नाही’ एवढं घालावं.

जोडीला एक कार्डही आहे, २३ जानेवारी १९६० चं: ट्रीएस्ट या पाणबुड्या यानातून झाक पिकार आणि डॉन वॉल्श समुद्राच्या सगळ्यात खोल जागी, चॅलेंजर डीपच्या तळाशी गेले तेव्हा पिकार यांना दिसलेला फूटभर चपटा मासा. इथे शंका जास्त भक्कम आहे. दाबाखाली प्रथिनं टिकवण्यासाठी मासे शरीरात टीएमएओ नावाचं रसायन साठवतात. खोलीबरोबर ते वाढत जातं आणि ८,२०० ते ८,४०० मीटरच्या आसपास त्याची मर्यादा येते. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर गोगलमासा (स्नेलफिश) चित्रित झाला. पिकार होते जवळपास १०,९०० मीटरवर. त्यांनी पाहिली ती समुद्रकाकडी असावी, असं मत तेव्हाच मांडलं गेलं होतं.

पुस्तिका गुजराती, हिंदी आणि मराठीत आहे. मराठी वाचायला सुबोध. शाळेच्या प्रदर्शनासाठी घेणार असाल तर सुट्या चकत्यांची तीनची पाकिटं दुकानात वेगळी मिळतात, तीही आधीच मागून घ्या. वाफेच्या प्रयोगात चकती पुसताना कोरडं कापड वापरलं की चरे पडतातच. ओलं सुती फडकं घ्या.