नॉइज हेड विकत, घरचा डायोड की मोकळं आकाश?

क्यूओ-१०० हा हौशी रेडिओवाल्यांचा उपग्रह ऐकायला केयू बँडचा (१० गिगाहर्ट्झच्या आसपासचा) एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणारा रिसीव्हर, आणला, तर वर छापलेलं असतं: नॉइज फिगर ०.१ डीबी, म्हणजे तो स्वतःचा खरखराट (नॉइज) किती मिसळतो त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं. छापायला काय जातं! खरा आकडा काढायचा तर ताकद माहीत असलेला नॉइज हवा. तो कुठून आणायचा, एवढाच प्रश्न.

पैसे असतील तर एचपी ३४६ मालिकेतलं जुनं नॉइज हेड, म्हणजे ठरावीक ताकदीचा नॉइज देणारं उपकरण. २८ व्होल्ट दिले की नॉइज चालू, काढले की बंद. दोन्ही पातळ्यांचं गुणोत्तर म्हणजे वाय फॅक्टर, त्यावरून नॉइज फिगर निघते. ३४६बीचा ईएनआर (चालू असताना नॉइज किती जादा, तो आकडा) १५ डीबीच्या आसपास, ३४६एचा सहाच्या. बी दमदार वाटतं, पण एक डीबीखालच्या नॉइज फिगरचा प्रीअँप (रिसीव्हरआधीचा वर्धक) मोजायला मी ए घेईन. त्यातलं अ‍ॅटेन्युएशन (सिग्नल दाबणं) जास्त, म्हणून चालू-बंद करताना इम्पिडन्स फारसा हलत नाही. जुनं हेड घेताना त्याच्या ईएनआर तक्त्याचा भरवसा बघा. तिथली चूक जशीच्या तशी तुमच्या उत्तरात उतरते.

घरचा मार्ग स्वस्त. मायक्रोवेव्ह ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन डायोड म्हणून वापरायचं, ते उलटं बायस करायचं (उलट्या दिशेने व्होल्टेज द्यायचं) आणि पुढे चांगला अ‍ॅटेन्युएटर लावायचा. नॉइज भरपूर मिळतो, पण किती, ते कॅलिब्रेटेड हेडशी ताडल्याशिवाय कळत नाही. तरी प्रीअँपचा स्क्रू फिरवताना वाय वाढला की घटला, हे तो चोख दाखवतो. फिल्टर ट्यून करायलाही तोच बरा.

एलएनबीसाठी मात्र मी या दोन्हींच्या वाटेला जाणार नाही. त्याचं तोंड वेव्हगाइडचं, म्हणजे पोकळ नळीचं. हेड जोडायला ट्रान्झिशन (केबलवरून नळीत नेणारा जोड) लागते आणि तिचा लॉस हिशेबात घुसतो. त्यापेक्षा गच्चीवर जा. एलएनबी निरभ्र आकाशाकडे धरा, मग जमिनीकडे. नॉइज तापमानातही मोजतात: १० गिगाहर्ट्झला आकाश साधारण १० केल्विन, जमीन २९० धरा. आरटीएल-एसडीआरचा (संगणकाला लावायच्या रिसीव्हरचा) एजीसी, म्हणजे पातळी आपोआप सारखी करणारी सोय, आधी बंद करा, नाहीतर दोन्हीकडे सारखंच दिसेल. फरक ६ डीबी आला तर वाय ४, एलएनबीचं तापमान सुमारे ८३ केल्विन, म्हणजे नॉइज फिगर १.१ डीबी. छापलेला ०.१ खरा असता, तर फरक १२ डीबीच्या वर गेला असता.

यात फसवतं ते कडेचं. एलएनबीचा फीड (तोंड) रुंद बघतो. शेजारची पाण्याची टाकी, झाड, तुमचं डोकं, सगळंच ३०० केल्विनच्या आसपास. छोटा हॉर्न (कर्णा) लावला तर नजर अरुंद होते. डिश सूर्यावर रोखूनही मोजतात, पण तो कस डिशसकट अख्ख्या यंत्रणेचा. शिवाय कॅनडातल्या पेंटिक्टनहून रोज येणारा सौर फ्लक्स (सूर्याच्या रेडिओ तेजाचा आकडा) २८०० मेगाहर्ट्झचा असतो, तो १० गिगाहर्ट्झवर नेताना अंदाज करावाच लागतो.

तेव्हा नुसता एलएनबी निवडायचा असेल तर खिशात हात घालू नका. स्वतः प्रीअँप बांधायला लागलात की आधी घरचा डायोड करा, आणि हेड असलेला मित्र शोधा. आकाशाचं काम मात्र पावसाळ्याआधी उरका. जुलैतले ढग १० गिगाहर्ट्झला चांगलेच गरम दिसतात.