विचर ३ : सात महिन्यांनंतर

गणपतीत 'द विचर ३' घेतला, गुढीपाडव्याच्या आसपास दुसऱ्यांदा संपवला. रोज रात्री पोरगी झोपली की दीड-दोन तास. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा गेम २०१५ चा, त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या पीसीवरही बरा चालतो. नायक गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा; त्याची घोडी अधूनमधून छपरावर उभी दिसते. झोळी जड झाली की गेराल्टला पळता येत नाही. आणि ग्वेंटच्या पत्त्यांत अडकलात तर मूळ कामाचं नाव नको. हे सगळं चालवून घेतलं. (पुढे कथा फुटलेली आहे, सांभाळून वाचा.)

गेममधल्या वेलेन प्रांतात एका टेकडीवर एक झाड आहे, त्याच्या मुळांशी एक आत्मा कोंडलेला. तो म्हणतो, मला सोडव, मी दलदलीतल्या तीन चेटकिणींपासून अनाथ पोरांना वाचवतो. खरं बोलतोय की थापा मारतोय, कळायला मार्ग नाही. माझी पोरगी शेजारच्या खोलीत झोपलेली. दिला सोडून. त्याने शब्द पाळला, पोरं वाचली. पण जवळचं अख्खं गाव त्याने संपवलं. त्याच गावाचा मुखिया चेटकिणींना मोबदला म्हणून स्वतःचा कान कापून देतो, म्हणजे गावकरी तसेही सुखात नव्हतेच. चेटकिणींनी पोरं सुटल्याचा राग त्यांना सांभाळणाऱ्या बाईवर, म्हणजे वेलेनच्या सरदाराच्या बायकोवर काढला, ती गेली, आणि सरदाराने गळफास घेतला.

जुना सेव्ह उघडून आत्म्याला मारून पाहिलं. बायको वाचते, पण वेडी होऊन. नवरा तिला उपचाराला दूर डोंगरात घेऊन जातो. आणि पोरं? दलदलीत एकही उरत नाही. परिणाम इतक्या उशिरा कळतात की दुरुस्ती करायची तर मधल्या चार रात्री पाण्यात. वेताळाच्या गोष्टीत निदान विक्रमाला उत्तर तरी माहीत असायचं.

इथपर्यंत मी खूश होतो. तक्रार आहे ती शेवटाबद्दल. गेराल्टची मानलेली लेक सिरी खचून बसली होती, मी म्हटलं, "सगळंच जमायला हवं असं थोडंच आहे," आणि दोघं प्यायला बसलो. मला ते मायेचं वाटलं. शेवटी ती परत आलीच नाही. गेराल्ट एकटा त्या दलदलीतल्या झोपडीत बसलाय, हातात गुरूचं पदक, बाहेरून राक्षस जमताहेत. नंतर नेटवर वाचलं की असे पाच प्रसंग गेम गुपचूप मोजत होता. त्या वेळी बर्फाचे गोळे फेकून खेळायचं होतं म्हणे! पोरीला धीर देण्याची हीच एक रीत, हे ठरवलं कोणी?

दुसऱ्या फेरीत मोबाइलवर यादी उघडून खेळलो. सिरी हसली, जगली, आणि मला काहीच वाटलं नाही. निवड माझी नव्हतीच, मी नुसता फॉर्म भरत होतो.

पाचपैकी साडेचार. घेणार असाल तर पहिली फेरी संपेपर्यंत नेटवर काही शोधू नका, आणि वेलेनमध्ये वेगळा सेव्ह ठेवा.