मीटर १२ व्होल्ट दाखवतो पण मास्टचा दिवा लागत नाही... आमच्या बोटीच्या वायरमन काकांचा रिव्ह्यू

आमची शिडाची बोट छोटीच आहे, २४ फुटी, तिघा मित्रांनी मिळून घेतलेली, सीझनला गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून) असते. नोव्हेंबरात मांडव्याहून येताना वारा पडला, इंजिन लावलं, अंधार झाला आणि बघतो तर मास्टवरचा (शिडाच्या खांबावरचा) स्टीमिंग लाइट, म्हणजे इंजिनवर चालताना लावायचा पांढरा दिवा, लागेना. नांगर टाकल्यावर लावायचा अँकर लाइटही नाही, टोकावरचा ट्रायकलरही (लाल-हिरवा-पांढरा एकाच दिव्यात) नाही, तिन्ही एकदम ढिम्म. डेकवरचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा चालू होते म्हणून नशीब, तरी टग आणि बार्जच्या मधून आम्ही शिडावर टॉर्च मारत मारत कसे आलो ते आमचं आम्हाला माहीत.

आधी जो माणूस बोलावला त्याने मास्टच्या बुडाशी मीटर लावला, साडेबारा व्होल्ट आले, म्हणाला सप्लाय ओके, बल्ब गेलेत. पोरगा वर चढवला, तिन्ही बल्ब बदलले, तरी अंधारच. मग म्हणे मास्ट उतरवा, आतली सगळी वायर नवी टाकू, क्रेनचे पैसे वेगळे. खरंतर तेव्हाच आमची ट्यूब पेटायला हवी होती की तीन बल्ब एकाच रात्री कसे मरतील?

मग ससून डॉकच्या एका ट्रॉलरवाल्याने या काकांचा नंबर दिला. सकाळी नऊला येतो म्हणाले, आले साडेअकराला (हा पहिला मायनस पॉइंट, आणि हे दरवेळचं आहे). पिशवीत काय, तर एक पक्कड, एक साधा मीटर आणि स्कूटरच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला. मी म्हणलं व्होल्ट आधीच चेक केलेत काका, पूर्ण येतायत. तर म्हणाले, "दिवा जोडा आणि मग मोजा." मास्टच्या वायरी जिथे जोडतात त्या डेकवरच्या प्लगला तो बल्ब लावला, नुसती लाल तार दिसली आतली, आणि मीटर साडेबारावरून धाडकन चारवर! म्हणजे गंजलेल्या जॉइंटमधून मीटरपुरता करंट जातो म्हणून मीटरला सगळं छान दिसतं, बल्बने जरा करंट ओढला की सगळे व्होल्ट त्या जॉइंटमध्येच खलास.

पुढचं मला सगळ्यात आवडलं. बल्बची मायनस वायर प्लगमधून काढून लांब वायरने थेट बॅटरीच्या मायनसला धरली, बल्ब लख्ख पेटला. प्लस ठीक, घोटाळा मायनसमध्ये, संपला विषय. तिन्ही दिव्यांना प्लस वेगवेगळी असते पण मायनस एकच कॉमन, म्हणून तिन्ही एकदम गेले आणि डेकवरचे वाचले कारण त्यांची वायरिंग वेगळी. एकूण वीस मिनिटं, आणि मास्टवर कोणीही चढलं नाही.

प्लग उघडला तर पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशी आतली पिन हिरवीगार. वायर कापली तर तांबं काळं, अजून कापली तरी काळं, जवळजवळ फूटभर आत गेल्यावर चकचकीत तांबं दिसलं, खारं पाणी इन्सुलेशनच्या आतून इतकं वर चढतं हे मला माहीत नव्हतं. बोटीवर साधी घरातली वायर कोणीतरी वापरलेली, तिथे कल्हई केलेल्या तांब्याची वायर लागते, भांड्यांना कल्हई का करतात तेच कारण. नवा तुकडा कल्हईवाल्या वायरचाच टाकला.

आता तक्रारी. काका जॉइंटला डाग (सोल्डर) मारून काळी टेप गुंडाळणार होते, मी नको म्हणलं. डाग दिलेली वायर कडक होते आणि बोटीच्या हादऱ्याने डागाच्या कडेला तुटते, आणि टेप दोन पावसाळ्यात चिकट लगदा. क्रिंप करून (धातूच्या नळीत वायर दाबून) आतून गोंद असलेली स्लीव्ह हीटगनने बसवायला लावली, स्लीव्ह मीच लोहार चाळीतून आणलेली, काका थोडे रुसले पण काम व्यवस्थित केलं. वायरला खाली वळसा ठेवला म्हणजे पाणी प्लगवर न येता वळशावरून ठिबकतं, हे मात्र न सांगता केलं.

दुसरं म्हणजे त्यांनी अँकर लाइटला जो स्वस्तातला एलईडी बसवला (याला मात्र पोरगा परत वर चढवावा लागला) तो लावला की व्हीएचएफवर (बोटीच्या रेडिओवर) खरखर. अँटेना मास्टच्या टोकावर तिथेच बाजूला, आणि काही एलईडीमधलं सर्किट रेडिओत आवाज सोडतं, २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डनेही याबद्दल इशारा दिलेला. तुम्हीपण बघा, स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम बंद होईल इतपत ठेवा आणि दिवा चालू करा, खरखर परत आली तर बल्ब बदला. काकांनी पैसे न घेता बदलून दिला, पण त्यासाठी तीन फोन करावे लागले.

बिल कच्चं, कागदावर आकडा फक्त, वायरींना लेबल लावायची सवय अजिबात नाही, ती मी नंतर मार्करने लावली. पाचपैकी चार. जुलैत मात्र फोन करू नका, मासेमारी बंदी उठायच्या आत ट्रॉलरवाले त्यांना सोडत नाहीत, ऑक्टोबरात केलात तर दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचलतात.