इंग्रजी बोलायचं पेड ॲप: जवळजवळ वर्षभर वापरल्यावर

काल मेसेज आला, उद्या १४९९ रुपये कट होणार, वार्षिक प्लॅन रिन्यू. माझं अर्ध्या महिन्याचं मेसचं बिल आहे ते, म्हणून सगळं आजच लिहून टाकते.

मी एमएस्सी केमिस्ट्री, पुण्यात. दहावीपर्यंत मराठी मीडियम. इंग्रजी पहिलीपासून होतं (राज्यात २००० सालापासून सगळ्यांनाच आहे) पण ते धड्याखालच्या प्रश्नोत्तरांपुरतं. एफवायला कम्पलसरी इंग्लिशचा पेपर काढला आणि विषय सुटला. एमएस्सी पार्ट वनच्या (पहिल्या वर्षाच्या) पहिल्या सेमिनारला विषय पूर्ण येत असून तोंडातून वाक्य निघेना, त्या रात्री हे ॲप घेतलं.

पहिले दोन महिने चीड आली. मी शाळेत जाते, तो आंबा खातो, याचं भाषांतर करा. मला रिॲक्शन समजावून सांगायचीय हो!

मग शब्दावर जोर कुठे द्यायचा ते दाखवणारा भाग सापडला आणि मत बदललं. कॅटलिस्टमध्ये जोर 'कॅ'वर, पण कटॅलिसिसमध्ये तो 'टॅ'वर सरकतो आणि आधीचा 'कॅ' आखडून 'क' होतो. अनॅलिसिसमध्ये 'नॅ'वर, ॲनलिटिकलमध्ये 'लि'वर. मराठीत आपण अक्षरं साधारण सारख्याच वजनानं म्हणतो, त्यामुळे हे कानाला कधी कळलंच नव्हतं, आणि शाळेत कुणी सांगितलंही नाही. मी वहीत केमिस्ट्रीचे शंभरेक शब्द लिहून जोराच्या अक्षराखाली रेघ मारली. पुढच्या सेमिनारला मॅडमनी एकदाही "परत सांग" म्हटलं नाही, मला रडू यायचं बाकी होतं.

पण माइकवर आपला उच्चार ऐकून ॲप जो स्कोर देतं, तो अजिबात धरू नका. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि वेस्ट म्हणजे बनियन, दोन्हींना आपला एकच 'व'. खरं तर पश्चिमेला ओठ गोल करायचे, बनियनला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. मी मुद्दाम उलटं बोलून बघितलं, दोन्ही वेळा हिरवी टिक! कस्टमर केअरला चार मेल केले, चारही वेळा तेच उत्तर, ॲप अपडेट करा. पैसे घेता तर चूक दाखवा ना.

नंतर कळलं की ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत हे फुकट आहे, ब्रिटिश-अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात आणि जोराच्या अक्षराआधी वर छोटी उभी रेघ असते. सोबत फोनचा रेकॉर्डर लावायचा, आधी त्यांचं ऐकायचं मग आपलं. बीबीसीचा सहा मिनिटांचा इंग्रजी कार्यक्रमही फुकट, मी बसमध्ये ऐकते.

नुसतं ॲप डिलीट करून ऑटोपे थांबत नाही बरं का, यूपीआय ॲपमध्ये जाऊन मॅन्डेट (म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द करावं लागतं. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी आपल्याला कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, म्हणून तो मेसेज वाचत जा. मी रात्रीच रद्द केलं. प्लॅनचा आज शेवटचा दिवस, स्पेक्ट्रोस्कोपीचे राहिलेले शब्द तेवढे वहीत उतरवून घेतेय.