मेकअपचे ब्रश: धुवायचे, फवारायचे की यंत्रात फिरवायचे?

ब्रश स्वच्छ करायचे असं मनावर घेतलं की पहिला प्रश्न पडतो तो पद्धतीचा. साबणाने धुवायचे, स्प्रे मारून पुसायचे, की बॅटरीवर फिरणारं यंत्र आणायचं? तिन्ही मी बरीच वर्षं वापरलं आहे, स्वतःच्या ब्रशांसाठीही आणि दुसऱ्यांचा मेकअप करतानाही. माझं मत आधीच सांगते: साबण-पाणी कुणालाच चुकत नाही. स्प्रे घ्यायचा की नाही, हे तुमचा ब्रश किती चेहऱ्यांवर फिरतो यावर ठरवा.

आधी ब्रशात काय साचतं ते पाहू. फाउंडेशनमधलं तेल आणि मेण, पावडर, आपल्याच त्वचेचा तेलकटपणा, मेलेल्या पेशी आणि या सगळ्यावर पोसले जाणारे जिवाणू. त्वचेवर आणि नाकात सहज सापडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतलाच एक. धडधाकट त्वचेला तो सहसा काही करत नाही, पण फुटलेली पुळी किंवा भुवया कोरल्यावर हुळहुळलेली त्वचा त्याला पुरते. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांच्या वापरातल्या मेकअपच्या वस्तू तपासल्या. त्यातले ९३ टक्के ब्लेंडिंग स्पंज, म्हणजे फाउंडेशन चेहऱ्यावर पसरवायचे स्पंज, कधीच धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के स्पंज जमिनीवर पडल्यावरही तसेच वापरले जात होते. हे वाचल्यापासून मी माझा स्पंज ब्रशांपेक्षाही जास्त वेळा धुते.

साबण-पाणी

साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि दोघं मिळून मळ केसांपासून सोडवतात. तेलकट मळ मुळापासून निघतो तो असाच, आणि त्या मळाबरोबर बहुतेक जिवाणूही वाहून जातात. त्यासाठी महागडा क्लीन्सर लागत नाही. लहान मुलांचा सौम्य शाम्पू पुरतो. क्रीम फाउंडेशनचा घट्ट सिंथेटिक ब्रश असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंबही चालतो. मात्र बकरी किंवा खारीच्या केसांच्या ब्रशाला ते लावू नका. तो केस आपल्या केसांसारखाच प्रथिनांचा असतो, कोरडा पडतो आणि तुटायला लागतो.

या पद्धतीत सगळी गंमत पाणी कुठवर जातं यात आहे. केस आणि दांडा यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीत गोंद असतो. ब्रश केस वर करून धुतला किंवा धुतल्यावर तसाच पेल्यात उभा ठेवला की पाणी त्या पट्टीत उतरतं, गोंद सुटतो आणि लाकडी दांडा फुगतो. माझा सगळ्यात लाडका पावडर ब्रश असाच गेला. एका सकाळी डोकं हातात आणि दांडा पेल्यात! तेव्हापासून केसांची टोकं खालच्या दिशेला, कोमट पाणी फक्त केसांपुरतं, तळहातावर हलके गोल फिरवणं आणि फेस पांढरा येईपर्यंत धुणं हे मी मोडत नाही. मग टॉवेलात हलकं दाबायचं, बोटांनी आकार द्यायचा आणि टेबलाच्या कडेवर आडवा ठेवायचा, म्हणजे केसांना चारही बाजूंनी हवा लागते. ड्रायरची गरम हवा नको, तिने गोंदही सैल होतो आणि सिंथेटिक केसही वाकडे होतात.

उणीव एकच, पण मोठी: वेळ. डोळ्यांचे बारीक ब्रश काही तासांत वाळतात, दाट फाउंडेशन ब्रश मात्र रात्रभर घेतो, कधी त्याहून जास्त. ओला ब्रश बंद पाऊचमध्ये टाकणं हे न धुण्याइतकंच वाईट.

अल्कोहोलचा स्प्रे

याचा फायदा उघड आहे. फवारा, टिशूवर पुसा, काही मिनिटांत ब्रश कोरडा. साधारण ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल यासाठी योग्य. त्याहून तीव्र अल्कोहोल जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण तसं नाही. जिवाणूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं आणि तीव्र अल्कोहोल काम व्हायच्या आतच उडून जातं.

पण ते थरावर थर चढलेल्या मळाच्या आत पोचत नाही. वरचा रंग टिशूवर उतरतो, ब्रश स्वच्छ दिसतो आणि आत तेल तसंच राहतं. म्हणून स्प्रे धुतलेल्या ब्रशावरच खऱ्या अर्थाने उपयोगी. नैसर्गिक केसांना तो रोज नको. डोळ्यांजवळ नेण्याआधी ब्रश पूर्ण वाळू द्या. आणि हे द्रव पेट घेतं, तेव्हा जवळ ज्योत नको.

यंत्र आणि बाकीचं

फिरणारं यंत्र धुतं झटपट आणि गरगर फिरवून बरंच पाणीही उडवतं. पण ते गोल दांड्याच्या ब्रशांसाठीच. पंख्यासारखे आणि चपटे ब्रश त्यात नीट बसत नाहीत, आणि पाण्याची पातळी जरा चढली की पुन्हा धातूच्या पट्टीचाच प्रश्न. पंधरा-वीस ब्रश एकदम धुणाऱ्यांनी विचार करावा. चार-पाच ब्रशांसाठी मी पैसे घालणार नाही. खाचांची सिलिकॉन मॅट त्यापेक्षा बरी. कोरड्या स्पंजवर ब्रश घासणं आयशॅडोचा रंग बदलताना छान, पण ती स्वच्छता नव्हे.

मग तुम्ही काय घ्याल?

फक्त स्वतःसाठी वापरत असाल तर शाम्पू आणि एक टॉवेल, बस्स. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. मुरुमं असतील किंवा रोज लिक्विड फाउंडेशन लागत असेल, तर मी आठवड्याच्या पुढे जाऊ देत नाही. वाळायला वेळ मिळत नसेल तर स्प्रेपेक्षा आणखी एक फाउंडेशन ब्रश घ्या, म्हणजे एक वाळतोय तोवर दुसरा हाताशी.

दुसऱ्यांचा मेकअप करत असाल तर दोन्ही लागतं. प्रत्येक चेहऱ्याला धुतलेला वेगळा संच सगळ्यात उत्तम, आणि ते जमतच नसेल तेव्हा मध्ये स्प्रे. मस्काऱ्याला आणि ओठांना मात्र वापरून फेकायच्या कांड्याच. डोळे येणं किंवा ओठावरची नागीण एकीकडून दुसरीकडे जायला एक कांडी पुरते.

आणि धुऊन, नीट वाळवूनही ब्रशाला कुबट वास येत असेल, तर ओल पट्टीच्या आत मुरली आहे. तो ब्रश टाकून द्या, कितीही आवडता असला तरी.