'साइट कंडिशनिंग'चे साडेसहा हजार

जुळे सोलापुरात आमचं घर. आईचे गुडघे दुखतात, थंडीत तिला फरशी सोसत नाही, म्हणून तिच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरवलं. बिलात लाकूड, मजुरी आणि तिसरी ओळ: 'साइट कंडिशनिंग – ६,५०० रुपये'. दुकानदार म्हणाला होता, "खोके आठवडाभर तुमच्या खोलीत ठेवणार, मीटरने ओल मोजणार, मगच बसवणार." मला पटलं. सगळे पैसे आगाऊ दिले.

ऐन जुलैत सकाळी दहाला टेम्पो आला आणि साडेअकराला ठोकाठोक सुरू! एका खोक्याचा तळ भिजून हातातच आला. मी आठवड्याची आठवण दिली, तर कारागीर म्हणाला, "काय होत नाय ओ काका, माल सीझन्ड हाय. गोडाऊनलाच कंडिशनिंग झालंय." मी गप्प बसलो, तिथेच फसलो.

या दोन शब्दांची सरमिसळ करूनच गिऱ्हाइकाला गुंडाळतात. सीझनिंग म्हणजे कारखान्यात लाकूड वाळवणं. ते झालं तरी लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. म्हणून ज्या खोलीत ते बसायचं, तिथल्याच हवेत त्याला मुरू द्यावं लागतं. ते काम गोडाऊनमध्ये कसं होणार? आमचा माल पावसात गळक्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता, हे नंतर कळलं. म्हणजे फुगलेल्या फळ्याच बसवल्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तशा त्या रुंदीत आखडल्या. मार्चमध्ये पलंगाजवळच्या फटीत दोन रुपयांचं नाणं उभं राहत होतं. एप्रिलच्या उन्हाळ्यात कडा उचलल्या आणि एका रात्री आईचा पाय त्यात अडकला. भिंत धरली म्हणून पडली नाही.

दुकानदाराचं उत्तर: "सोलापूरचं ऊनच तसलं." वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत होतं की बसवण्याआधीच्या ओलाव्याची नोंद नसेल तर दावा चालणार नाही. ज्या नोंदीचे पैसे घेतले, तीच त्याने केली नव्हती.

तुम्ही हे काम काढणार असाल तर गिलावा, रंग पूर्ण वाळल्यावरच माल मागवा. खोके आडवे, पट्ट्यांवर, भिंतीपासून लांब ठेवून घ्या. ते उघडायचे की बंद ठेवायचे, किती दिवस ठेवायचे, हे कंपनीच्या कागदावर असतं, तो कागद आधीच मागा. खोलीत कूलर चालत असेल तर तेही सांगा, त्याने हवा दमट होते. फळ्यांचं आणि खालच्या कोब्याचं, दोन्ही रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा, फोटो काढा. खाली प्लायवूड असेल तर त्याच्या आणि रुंद सॉलिड (एकसंध लाकडाच्या) फळ्यांच्या ओलीत साधारण २ टक्क्यांहून जास्त फरक नको. कोब्याचं माप वेगळं असतं, त्याची मर्यादा कंपनीच्या कागदावर बघा. फळ्यांना फुगायला जागा म्हणून भिंतीकडेने फट सोडली का, ते स्कर्टिंग लागायच्या आत बघा. आणि रीडिंग होईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. अर्जाला बिल जोडलंय, तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ मारून, आणि फटीत उभ्या नाण्याचा फोटो.